रोज केर काढूनही धूळ का उरते?

प्रश्न : आमच्या समोरच्या चाळीचा पुनर्विकास सुरू आहे. मी रोज सकाळी केर काढते, लादी पुसते. तरी दुपारी टीव्हीवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ! ती एवढी येते कुठून? सासूबाई म्हणतात, खिडक्या उघडूच नको. मुलगा म्हणतो, एअर प्युरिफायर घेऊ. कोणाचं ऐकायचं?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी एक गोष्ट सांगतो. तुमच्या कष्टांत काही कमी नाही. दुपारी टीव्हीवर दिसणारी बरीचशी धूळ सकाळीही घरातच असते. झाडूनं ती जमिनीवरून उठते, हवेत फिरते आणि पुन्हा बसते.

केर काढताना खिडकीतून आलेल्या कवडशाकडे पाहा. त्यात तरंगणारे कण लगेच खाली येत नाहीत. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून स्थिर हवेत दहा-बारा मिनिटांत जमिनीवर येतो. अडीच मायक्रॉनच्या कणाला दोन-तीन तास लागतात आणि एक मायक्रॉनचा कण अर्ध्या दिवसाहून जास्त तरंगतो. पंखा चालू असला तर आणखी वेळ. आपण मात्र केर काढून लगेच लादी पुसतो. बारीक धूळ त्यानंतर, पुसलेल्या लादीवर सावकाश उतरते.

म्हणून क्रम बदला. आधी पंख्याची पाती, कपाटांचे माथे, टीव्ही. पंख्याच्या पात्याची हवा कापणारी कड बोटानं चाचपून पाहा. तिथं काळपट, चिकट थर लागेल. फोडणीची वाफ, उदबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूर यांनी ती धूळ तिथं घट्ट चिकटते. कोरड्या फडक्यानं ती नुसती खाली पडेल, म्हणून फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि पातं त्यात धरून पुसा. टीव्हीचा पडदा मात्र बंद करून जेमतेम दमट, मऊ कापडानं पुसायचा. त्यानंतर पंखा बंद ठेवून, हात न उचलता, हलके झाडू फिरवत केर काढा. अर्धा तास थांबा आणि मग लादी पुसा, मधे पाणी बदला. गढूळ पाण्यानं पुसलं की तीच माती वाळून परत उडते. अंगण झाडण्याआधी पाण्याचा शिपका मारायची आपली पद्धत याच कारणानं योग्य आहे : ओले कण एकमेकांना धरून राहतात. नवा फुलझाडू आणलात तर आधी घराबाहेर चांगला झटकून घ्या. त्याचा भुसा कित्येक दिवस गळत राहतो.

आता धूळ येते कुठून ते पाहू. धूळ म्हणजे बहुतांशी आपल्या कातडीचा कोंडा, असं सर्रास ऐकू येतं. कोंडा असतो, पण खिडक्या उघड्या असणाऱ्या आपल्या घरांत बाहेरून आलेली माती, सिमेंट, काजळी यांचा वाटा मोठा असतो. कपड्यांचे तंतू आणि केस त्यात मिसळतात. ही माती फार दुरूनही येते. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानच्या बाजूनं उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईवर आलं आणि उभ्या गाड्यांवर पांढरट थर बसला.

तुमच्या घरापुरता मोठा स्रोत समोरच आहे. तेव्हा सासूबाईंचं अर्धं ऐका. काम चालू असताना बांधकामाकडच्या खिडक्या लावून घ्या. काम थांबलं की उघडा. स्वयंपाक करताना मात्र हवा खेळती हवीच. डासांची जाळी बारीक धूळ अडवत नाही, पण तिच्यावर जमलेली धूळ वाऱ्यासरशी आत येते. म्हणून जाळी दर पंधरवड्याला धुवा. चपला दाराबाहेर, आणि पायपुसणी दोन, एक उंबऱ्याबाहेर आणि एक आत. ती झटकायची घराबाहेर.

मुंबई महापालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी धूळनियंत्रणाचे नियम जाहीर केले. भोवती उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड किंवा ताडपत्री, राडारोड्यावर पाण्याची फवारणी, नेताना तो झाकणं, हे त्यात आहे. समोर यातलं काही दिसत नसेल तर फोटो काढून विभाग कार्यालयात सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार द्या. मोठी धूळ तिथेच अडली तर घरातलं निम्मं काम हलकं होईल.

मुलाचंही पूर्ण चूक नाही. प्युरिफायरमधला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कणही जवळजवळ सगळे अडवतो. घरात कोणाला दमा असेल तर झोपायच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून, प्युरिफायरचा उपयोग आहे. पण हवेत तरंगणारं तेवढंच तो खेचतो. टीव्हीवर, लादीवर बसलेली धूळ तुम्हालाच पुसावी लागणार. आधी वरचे बदल करा, मग खर्चाचं ठरवा.

सकाळी उठल्याबरोबर शिंका येत असतील तर अंथरुणाकडेही पाहा. मुंबईच्या दमट हवेत गाद्या-उशांमध्ये डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे वाढतात आणि त्यांच्या विष्ठेची अ‍ॅलर्जी होते. चादरी, अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, शक्य तर ६० अंशांवर धुवा. गाद्यांना ऊन दाखवा. ओल गेली की हे किडे तग धरत नाहीत.

शेवटचं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. घरातली धूळ सर्वांत जास्त केर काढणाऱ्याच्या नाकातोंडात जाते, कारण त्याचं तोंड झाडूपासून हातभर अंतरावर असतं. पंखे, माळे साफ करताना नाकावर चांगला मास्क बांधा. घरकामाला ताई येत असतील तर त्यांनाही द्या, कारण त्या दिवसभरात अनेक घरांची धूळ झाडतात. आणि हे काम घरातल्या एकाच बाईवर पडू देऊ नका. पंखे पुसणं, जाळ्या धुणं मुलाकडे सोपवा. प्युरिफायरची गरज खरंच किती आहे, हे त्यालाही कळेल.