मशीन बदलण्याआधी होडीची मागची फळी

जुन्या होडीवरचे आउटबोर्ड मशीन बदलायचे की दुरुस्त करून चालवायचे, हा निर्णय बहुधा मशीन बंद पडल्यावर घाईतच घेतला जातो. दोरी ओढून हात भरून येतात, मिस्त्री खर्चाचा आकडा सांगतो आणि मालक थेट नव्या मशीनची किंमत विचारायला निघतो. या सगळ्यात होडीकडे कोणी पाहत नाही. तपासणी सुरू व्हायला हवी ती मशीन ज्या मागच्या फळीवर टांगलेले असते तिथून.

अनेक जुन्या फायबर होड्यांत ही फळी नुसत्या फायबरची नसते. आत प्लायवूड असते आणि दोन्ही अंगांनी फायबरचा थर. मशीनचे बोल्ट त्यातून आरपार जातात. बोल्टाभोवतीचे सीलंट सुटले की पाणी आत झिरपते आणि वरचा रंग चकचकीत असताना आतले लाकूड कुजत राहते. लाकडी हातोडीने फळी जागोजाग ठोकून पाहावी. धड लाकूड टणक वाजते, कुजलेल्या जागी आवाज बद्द येतो. मग मशीन वर उचलून पंख्याच्या बाजूने धरून खालीवर हलवावे आणि दुसऱ्याने फळीवर नजर ठेवावी. फळी किंचितही लवत असेल तर आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारून भुसा पाहावा. तो कोरडा, फिकट निघाला तर भोक इपॉक्सीने बुजवून पुढे जावे. ओला, काळपट निघाला तर मशीनचा विचार बाजूला ठेवून आधी फळीचे काम काढावे.

हे किती महागात पडू शकते, ते देवबागजवळ, कर्ली खाडी समुद्राला मिळते त्या भागात, प्रवासी फेऱ्या मारणाऱ्या एका जुन्या होडीवर प्रस्तुत लेखकाला जवळून पाहता आले. तिच्यावरचे ४० हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक काढून तेवढ्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक बसवले गेले. पेट्रोल कमी, धूर कमी, आवाज कमी, म्हणजे कागदावर हिशोब चोख होता. पण या ताकदीचे टू-स्ट्रोक साधारण ७० ते ८० किलो भरते आणि फोर-स्ट्रोक ९० ते १०० किलो. शिवाय तांडेल आणि पेट्रोलची टाकी दोन्ही मागेच. होडी मागून बसली, नाळ वर उठली आणि तळातले पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोके पाण्याखाली गेली. त्यातून पाणी उलटे आत यायला लागले. काही दिवसांनी मशीनच्या कंसाखाली फळीवर केसासारखी चीर दिसू लागली, नखाने चाचपली तरच कळावी इतकी बारीक. ओहोटीला होडी वाळूवर ओढली तेव्हा त्या चिरेतून तपकिरी पाणी ठिबकत होते. मशीन उतरवून फळी कापली, तर आतले प्लायवूड चिमटीत चुरडले जात होते. जुन्या, हलक्या मशीनने ही फळी आणखी काही काळ निभावली असती, पण तिचे कुजणे तेव्हाही चालूच होते.

वजनाबरोबर दांड्याची लांबीही जुळवावी लागते. मशिने प्रामुख्याने १५, २० आणि २५ इंची दांड्याची येतात. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत आली पाहिजे. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि मशीन नुसते ओरडते. जास्त लांब झाला तर होडीला ओढ लागते आणि खाडीत वाळूला घासण्याची धास्ती राहते.

फळी धड ठरली की मशीनकडे वळावे. मशीन किती वर्षांचे आहे यापेक्षा ते किती चालले आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुतले गेले का, याला जास्त महत्त्व आहे. पहिली कसोटी कॉम्प्रेशनची. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडरला गेज लावावे. नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक पाहावा. तो १० टक्क्यांच्या आत असेल तर मशीनचा गाभा शाबूत आहे आणि दोष बहुधा कार्ब्युरेटर, कॉइल किंवा इंधनपंपात, म्हणजे आवाक्यातला आहे. एकच सिलिंडर बराच खाली असेल तर रिंग, पिस्टन किंवा हेड गॅसकेट गेलेले असते. हेड गॅसकेटवर निभावले तर नशीब. सिलिंडरच घासलेला असेल, तर जुन्या मशीनवर तो खर्च सहसा परवडत नाही.

दुसरी कसोटी गिअरच्या ऑइलची. खालचा स्क्रू सैल करून थोडे ऑइल काढावे. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरले आहे. सील बदलता येते. ऑइलात धातूचे तुकडे दिसले तर गिअर झिजत आहेत. मशीन गार ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पिचकारी बारीक झाली असेल तर आधी रबरी इम्पेलर बदलावा. मशीन गेले म्हणून हाकाटी करण्याचे ते कारण नव्हे. पिचकारी तरीही सुधारली नाही, तर आतले मार्ग मिठाने आणि गंजाने बुजलेले असतात आणि बोल्ट सोडवताना तुटू लागतात. तिथे दुरुस्तीचा अंदाज कोणताही मिस्त्री खात्रीने देऊ शकत नाही.

इंधनाचा प्रश्न अलीकडे अधिक बिकट झाला आहे. भारतात पंपावरच्या पेट्रोलमध्ये २०२५ पर्यंत इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. अनेक आउटबोर्ड मशिनांसाठी मात्र कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. पाणी पुरेसे साठले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी उतरते आणि इंधननळी नेमकी तिथूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त घातक, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल वर पेट्रोलबरोबर राहते आणि खालच्या थरावर चाललेले मशीन वंगणाविना फिरते. जुन्या नळ्या आणि पंपाचे पडदेही या पेट्रोलने कडक होतात. पावसाळी बंदीत टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा केला, तर हंगामाच्या तोंडावर उद्भवणारी निम्मी दुखणी टळतात.

सुटे भाग मिळतात का, हे दुरुस्तीला हात घालण्याआधीच विचारावे. १९०९ पासून चालत आलेल्या इव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. अशा मशिनाला एखादा भाग मिळाला तरी पुढचा मिळेलच असे नाही. यामाहा किंवा सुझुकीचे मशीन असेल आणि गावातच ते जाणणारा मिस्त्री असेल, तर जुने मशीनही बरीच वर्षे निभते.

पैशांचा निकाल वापरावर लागतो. पूर्ण वेगात ४० हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक तासाला साधारण १४-१५ लिटर पेट्रोल पिते आणि जुने टू-स्ट्रोक त्याहून जास्त. हळू चालवताना फरक आणखी ठळक होतो, कारण टू-स्ट्रोकमध्ये बरेच इंधन न जळताच बाहेर पडते. रोज फेऱ्या मारणाऱ्या होडीला ही बचत काही हंगामांत नव्या मशीनची किंमत भरून देते. सुट्टीपुरत्या वापरातल्या होडीला ती कधीच भरून देत नाही. अशा मालकाने कॉम्प्रेशन चांगले असेपर्यंत जुनेच मशीन राखावे, आणि वल्ही व नांगर होडीत असू द्यावेत. वापरलेले मशीन घेण्याचा मोह असेल तर वरच्या सगळ्या कसोट्या त्यालाही लावाव्यात, आणि ते थंड असताना पाहायला जावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेले मशीन पहिल्या ओढीला सुरू होते, त्यावरून काहीच ठरत नाही.

नवे मशीन बसवल्यावर पहिले १० तास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वेग बदलत, पूर्ण थ्रॉटल फार वेळ न ठेवता चालवावे. मशीनचा नंबर आणि ताकद होडीच्या नोंदणीत बदलून घ्यावी, विम्याच्या कागदावरही.