शेक बाळंतिणीचा, पोटुशीचा नव्हे

पोरी, कंबर धरली म्हणून शेजारणीने निर्गुडीचा पाला उकळून वाफ घ्यायला सांगितली ना? ती मायेनंच बोलली. पण तो शेक बाळंतिणीचा. बाजेखाली शेगडी ठेवून ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी देत ती मूल मांडीवर आल्यावर. पोटात असताना नाही.

हे नुसतं डॉक्टरांचं म्हणणं समजू नकोस. धूतपापेश्वरचा कारखाना १८७२ पासून आपल्या पनवेलचा, इथे आयुर्वेद कुणाला परका नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय घाम काढण्याच्या उपचारांचाच आहे, आणि ते कुणाला देऊ नयेत त्या यादीत गर्भिणी आहे. तेव्हा पंचकर्माच्या नावाखाली कुणी "झाडपाल्याचंच आहे, अपाय नाही" म्हणत वाफेच्या पेटीत बसवू लागलं, तर दिवस गेलेत असं सांग आणि उठून ये.

पहिले तीन महिने तर फार जपायचे. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते. कितीजणींना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. त्या काळात आईच्या अंगातला ताप ३९ अंश सेल्सिअसच्या वर चढला, तर त्या घडणीत दोष राहण्याचा धोका वाढतो. बाळाला घाम काढून थंड होता येत नाही, त्याची उष्णता तुझ्याच रक्तावाटे बाहेर पडते. पुढच्या महिन्यांत भीती चक्कर येण्याची. वाफेने रक्त कातडीकडे धावतं, दाब उतरतो आणि बाई न्हाणीत पडते. मे महिन्यात आपल्याकडे तसाही घाम वाळत नाही, त्यात आणखी वाफ कशाला?

कोळशाची शेगडी बंद खोलीत तर बाळंतपणानंतरही नको. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पोटातल्या बाळाचं रक्त तो वायू आईच्या रक्तापेक्षा जास्त काळ धरून ठेवतं.

कमरेचं म्हणशील, तर गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून दहाएक मिनिटं पाठीला लाव. पोटावर नको, आणि ती घेऊन झोपू नकोस, कातडी भाजते. अंघोळीचं पाणी कोमटच, कोपर बुडवून बघ. कुशीवर निजताना गुडघ्यांमध्ये उशी घे. मला त्यानेच सगळ्यात बरं वाटायचं. नववा लागला की कुणीतरी कळा याव्यात म्हणून एरंडेल प्यायला सांगेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही घ्यायचा नाही.

ताप आला, पोट राहून राहून आवळू लागलं, अंगावर रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर शेकत बसू नकोस. १०२ ला फोन लाव, सरकारी गाडी गरोदर बाईला फुकट नेते. तपासणीचं कार्ड आत्ताच पिशवीत घालून ठेव.