हिरव्या रंगाखालची जमीन

चि. ताई,

पुण्यास नगर व प्रादेशिक नियोजनाच्या चार वर्षांच्या पदवीवर्गात तुझे नाव लागल्याचे तुझ्या आईने कळविले, आणि ज्या खात्यात माझी हयात गेली त्याच विद्येकडे घरातील एक मूल आपण होऊन वळले, याचा मला झालेला आनंद लपविण्याचे काही कारण दिसत नाही. तुझी आई मात्र किंचित कष्टी आहे. मुलगी डॉक्टर झाली तर शेजाऱ्यांस समजते, 'प्लॅनर' म्हणजे काय हे सांगताना आपली त्रेधा उडते, असे ती म्हणते. तिला सांग की माझ्या सासऱ्यांनी अखेरपर्यंत मला ओव्हरसियरच मानले, आणि त्यावाचून माझे काही अडले नाही.

लवकरच तुझ्या हाती रंग येतील. निवासास पिवळा, व्यापारास निळा, कारखान्यांस जांभळा, बागेस हिरवा. आम्ही ते कुंचल्याने भरीत असू, तुम्ही संगणकावर भराल, पण रंग भरून झाल्यावर दोन पावले मागे सरून नकाशाकडे पाहताना जे समाधान वाटते ते तेव्हाही तेच होते आणि आताही तेच असणार. त्या समाधानापासून तुला सावध करावे, यासाठीच हा पत्रप्रपंच.

1969 साली मी खात्यात नवखा होतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966, नुकताच अंमलात आला होता आणि त्यान्वये एका तालुक्याच्या गावचा विकास आराखडा आमच्या कचेरीत तयार होत होता. लोकसंख्येच्या हिशेबाने बागेस दीड एकर जागा कमी पडत होती. गावाच्या उत्तरेस ओढ्यालगतचा एक तुकडा मोजणीच्या नकाशात मला रिकामा दिसला, आणि बाहेर ऊन फार असल्यामुळे, दुसरे कोणतेही कारण नसताना, जागेवर न जाताच मी तो हिरवा करून टाकला. जमीन एका विधवा बाईंची होती आणि तिच्यातील निम्मी विकून दोन मुलींची लग्ने करण्याचा त्यांचा बेत होता. त्यांची हरकत कचेरीत आली ती मुदतीनंतर अकरा दिवसांनी. 'मुदतबाह्य, दप्तरी दाखल' असा शेरा मारून मी ती बाजूस ठेवली. संपादनास पैसा नव्हता म्हणून नगरपालिकेने तेथे तुळशीचे रोपही लावले नाही, आणि आरक्षणातली जमीन म्हणून तिला गिऱ्हाईकही मिळाले नाही. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालकाने नोटीस द्यावी आणि विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत व्हावे, अशी तरतूद कायद्याच्या 127व्या कलमात आहे खरी. पण ते कलम त्या बाईंस कोण वाचून दाखविणार होते? पंधरा वर्षांनी त्या रस्त्याने जाणे झाले तेव्हा तेथे बाभळी माजल्या होत्या.

म्हणून पॅट्रिक गेडिस यांचे नाव वर्गात निघेल तेव्हा ते केवळ परीक्षेपुरते टिपून घेऊ नकोस. मूळचा हा जीवशास्त्राचा अभ्यासक. 1914 साली त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन हिंदुस्थानाकडे येत असता ते वाहून आणणारी बोट 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडविली, तरी नवे साहित्य जमवून त्यांनी ते पुन्हा उभे केले. पुढे 1919मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे ते प्राध्यापक झाले. निदान आधी, उपचार मागाहून, हा त्यांचा दंडक, आणि ते निदान गल्लोगल्ली पायी हिंडून करावयाचे. होळकरांच्या इंदुरात प्लेगाच्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढविली, आणि ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ होतील त्या रस्त्यांनी ती जाईल असे जाहीर केले. हुकूमनाम्याने न झालेली झाडलोट त्या ईर्षेने झाली. जुन्या वस्तीतून सरळ रेघ मारून रस्ता काढणाऱ्या अभियंत्यांवर त्यांचा राग होता, आणि तो मला तरी रास्त वाटतो.

मात्र गेडिस वाचून सातबारा वाचता येत नाही, आणि तो येत नसेल तर तुझी पदवी तालुक्याच्या कचेरीत कोणी विचारणार नाही. सुटीत आजोळी जाशील तेव्हा तलाठ्यांकडे बसून गावनकाशा, गटबुक आणि फेरफार कसे पाहावयाचे ते शिकून घे. पोटहिस्से, कुळे, विहिरीतला सामाईक वाटा, वहिवाटीची गाडीवाट, यांतले पुष्कळसे उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही.

अभ्यासक्रमाच्या नावातील 'प्रादेशिक' हा शब्द मुले सहसा गिळून टाकतात. पुण्यात तुझ्या खोलीतला नळ सोडशील तेव्हा एवढे ध्यानात असू दे की खडकवासल्याच्या त्याच पाण्याकडे दौंड आणि इंदापूरचा शेतकरी कालव्याच्या काठी बसून डोळे लावून असतो. शहराचा आराखडा शहराच्या हद्दीत संपत नाही, तो कालव्याने पुष्कळ लांब जातो. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे पुण्याची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा 1945चा पहिला खंड ग्रंथालयात मिळाला तर अवश्य चाळ. घरोघर जाऊन मिळविलेल्या आकड्यांचा पोत निराळाच असतो. पुढे मुंबई-पुणे महानगर प्रदेशांच्या नियोजनासाठी सरकारने समिती नेमली तिचे अध्यक्षही गाडगीळच होते, हा योगायोग नव्हे.

गणित, लोकसंख्याशास्त्र, वाहतूक, हे तुला तुझे अध्यापक माझ्याहून चांगले शिकवितील. त्यांच्याविषयी मी लिहीत नाही.

सोबत त्या हरकतीच्या अर्जाची नक्कल पाठवीत आहे; नाव मी खोडले आहे. अक्षर गावच्या शाळामास्तरांचे, अंगठा बाईंचा, आणि डाव्या समासातला शेरा माझा. वर्गात हरकतींच्या सुनावणीचा विषय निघेल त्या दिवशी ती काढून वाच, आणि त्या समासात तू काय लिहिले असतेस ते मला सविस्तर कळव. माझी दृष्टी अधू झाली आहे, तरी अक्षर जरा मोठे काढ.

तुझा,
मामा