संगणकावर ‘जावा सापडत नाही’ असा संदेश आल्यास

पाचोड परिसरात मोसंबीच्या नवतीवर नागअळीच्या चंदेरी, नागमोडी रेषा आपण पाहिल्याच असतील. फवारणीनंतर प्रादुर्भाव किती घटला, हे नुसत्या नजरेने सांगणे कठीण असते. पांढऱ्या कागदावर मोजपट्टीशेजारी पान ठेवून छायाचित्र घेतल्यास ‘इमेजजे’ या मोफत संगणक प्रणालीने पानाचे एकूण व बाधित क्षेत्र चौरस सेंटिमीटरमध्ये मोजता येते. परंतु दुसऱ्याच्या संगणकावरून पेनड्राइव्हने आणलेली ही प्रणाली पुष्कळदा उघडत नाही. जावा सापडत नसल्याचा इंग्रजी संदेश येतो. अशा वेळी संगणक बिघडला असे समजून तो फॉरमॅट करून घेऊ नये. त्यात पैसे जातात, बागेच्या जुन्या नोंदी जातात आणि जावा काही येत नाही.

इमेजजे ही जावा भाषेत लिहिलेली आहे. पंप बसवला पण मोटार जोडली नाही, तर पाणी कसे येणार? जावा ही येथे मोटार समजावी.

प्रथम संपूर्ण फोल्डर आणले आहे का ते पाहावे. केवळ चिन्ह कॉपी केल्यास सोबतचा जावा मागेच राहतो. इमेजजेच्या अधिकृत संकेतस्थळावर विंडोजसाठी जावासह तयार संच मिळतो. तो घेऊन झिप फाइल पूर्ण उलगडावी, आतूनच चालवू नये. बहुतेकांचे काम एवढ्यावरच भागते.

तरीही अडल्यास स्टार्टमध्ये सीएमडी शोधून काळी खिडकी उघडावी. इंग्रजी लहान अक्षरांत जावा, एक जागा सोडून उणे चिन्ह व त्याला जोडून व्हर्जन असे लिहून एंटर दाबावे. आवृत्तीचा क्रमांक आला तर जावा आहे. शब्द ओळखता येत नाही असे उत्तर आले, तर जावा बसवलेला नाही किंवा त्याचा मार्ग विंडोजला ठाऊक नाही.

जावा असूनही तक्रार येते, तेव्हा बहुधा ३२ बिट व ६४ बिट यांचा मेळ नसतो. थ्री फेजची मोटार सिंगल फेजवर चालत नाही, तसेच हे. संदेशात ६१ व ५२ असे आकडे दिसले तर घाबरू नये. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे जावा ११ आणि ६१ म्हणजे जावा १७. प्रणालीला मोठ्या आकड्याचा जावा हवा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जावा जाहिरातीच्या दुव्यावरून कधीही उतरवू नये. त्यातून विषाणू येण्याचा धोका असतो. ओरॅकल कंपनीच्या जावा ८ च्या एप्रिल २०१९ पासूनच्या सुधारित आवृत्त्या वैयक्तिक वापरास मोफत असल्या, तरी व्यावसायिक वापरास परवाना लागतो. शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात म्हणूनच ॲडॉप्टियमचा ‘टेमुरिन’ हा मोफत जावा घ्यावा. बसवताना मार्गात नोंद करण्याचा पर्याय निवडलेला आहे ना ते पाहावे, नंतर काळी खिडकी बंद करून नव्याने उघडावी व वरील तपासणी पुन्हा करावी.