शोभेचा घोडा, शासनाचे अनुदान आणि बँकेचा हिशेब

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थानात पुष्कर, पंजाबात मुक्तसर आणि मराठवाड्यात माळेगावची खंडोबाची यात्रा ही त्याच परंपरेतील नावे. कुमेत, अबलख, नुकरा अशा रंगांचे घोडे तेथे उभे असतात. देवमण पाहून, रेवाळ चाल पाहून लाखालाखांचे सौदे ठरतात. अशा घोड्याचे मालक कर्ज विभागात येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "घोड्यासाठी शासन निम्मे पैसे देते असे ऐकले, ते आम्हांला मिळतील काय?"

या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेही आहे आणि 'नाही' असेही. त्यातील भेद समजून न घेतल्याने अनेक प्रस्ताव अडतात. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

राष्ट्रीय पशुधन अभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले आणि २०२१-२२ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. शेळी, मेंढी, कुक्कुट व वराह यांच्यासाठी त्यात उद्योजकता अनुदान होते. घोडा मात्र बाहेर होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अभियानात बदल करून घोडा, गाढव, खेचर व उंट यांचा समावेश केला. व्यक्ती, स्वयंसहाय्यता गट, संयुक्त दायित्व गट, शेतकरी उत्पादक संस्था इत्यादींना भांडवली खर्चाच्या ५० टक्के आणि कमाल ५० लाख रुपये अनुदान देण्याचे त्यात ठरले. वीर्यकेंद्र व मूळ पैदास केंद्र यांसाठी राज्यांना १० कोटी रुपयांच्या साहाय्याची तरतूदही झाली.

हा निर्णय का घ्यावा लागला, हे पशुगणनेचे आकडे सांगतात. २०१२ मध्ये देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजार उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट! मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, झांस्कारी, स्पिती, भूतिया, मणिपुरी आणि आपल्या भीमाखोऱ्यातील भीमथडी या नोंदणीकृत देशी जाती आहेत. मराठा घोडदळाशी जिचे नाव जोडले जाते, ती भीमथडी आज मुख्यतः मेंढपाळांचे बिऱ्हाड वाहते. शासनाला चिंता आहे ती या वंशांची. त्यामुळे अनुदान पैदाशीच्या उद्योगाला आहे. शोभेसाठी एखादा देखणा घोडा विकत घेण्याला नाही.

येथेच शोभेच्या घोड्याच्या मालकाची खरी संधी आहे. जातिवंत घोडी, वंशावळ ठाऊक असलेला वळू घोडा, पागा, चाऱ्याची सोय आणि शिंगरांच्या विक्रीचे नियोजन एवढे त्याने मांडले, तर त्याची हौस हा उद्योग ठरू शकतो. प्रदर्शनात मिळालेले बक्षीस प्रस्तावाला शोभा आणील, पण त्यावर कर्जाची परतफेड मोजता येत नाही. बँक पाहते ती शिंगरांची अपेक्षित विक्री. घोडीचा गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा, आणि शिंगरू विक्रीयोग्य होईपर्यंत आणखी काळ जातो. म्हणजे पहिली दोन वर्षे चंदी, खरारा, नाल, औषधे आणि मोतद्दाराचा पगार असा खर्चच खर्च असतो. हप्त्यांची सवलत-मुदत त्यानुसार मागावी. हा मुद्दा अर्जदार क्वचितच आपणहून मांडतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आता हिशेब पाहू. समजा, मान्य भांडवली खर्च ३० लाख रुपये आहे. अर्जदाराचे स्वतःचे ६ लाख आणि बँकेचे कर्ज २४ लाख. अनुदान कमाल १५ लाख होऊ शकते. पण ते पहिल्या दिवशी हाती येत नाही. उद्यममित्र पोर्टलवर अर्ज, राज्य यंत्रणेची छाननी, बँकेची मंजुरी आणि केंद्राची मान्यता अशी ही वाट आहे. अनुदान सिडबीमार्फत, दोन समान हप्त्यांत, बँकेकडे येते : पहिला हप्ता कर्जवाटप सुरू झाल्यानंतर, दुसरा प्रकल्प पूर्ण होऊन त्याची पडताळणी झाल्यानंतर. तोवर जबाबदारी २४ लाखांची आहे, ९ लाखांची नव्हे. जमीन खरेदी, भाडे, वैयक्तिक वाहन आणि खेळते भांडवल यांना अनुदान नाही. म्हणजे चंदीचा खर्च सर्वस्वी मालकाचाच. मार्गदर्शक सूचना वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी शाखेकडून चालू नियम पाहून घ्यावेत.

मूल्यांकनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. यात्रेतील सौदा बहुधा शब्दावर आणि रोखीने होतो. दोन लाख रुपये वा अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. पावती नसलेल्या दहा लाखांच्या घोड्याचे बँकेच्या लेखी मोल किती, हे सांगणे कठीण. खरेदीखत, बँकेमार्फत दिलेली रक्कम, पशुवैद्यकाचा दाखला, सूक्ष्म चिप आणि जातीची नोंद एवढे हाती असले, तर तारण व विमा दोन्ही सुकर होतात. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून खरेदी असल्यास वस्तू व सेवा कराचेही भान ठेवावे. जिवंत घोड्यावरील हा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला.

विम्याबाबत २०२४ च्या निर्णयाने मोठाच दिलासा दिला. पशुधन विम्याच्या हप्त्यातील लाभार्थ्याचा वाटा पूर्वी २० ते ५० टक्के होता, तो १५ टक्के झाला. विम्याची निकड पटण्यास एक रोग पुरेसा आहे, तो म्हणजे ग्लँडर्स. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित घोड्याला कायद्याने दयामरण द्यावे लागते. शासकीय भरपाई ठरावीक रकमेची असते. यात्रेतील भावाशी तिचा संबंध नसतो. घोडा जातो, कर्ज राहते. म्हणून विमा-पत्र वाचताना अशा सक्तीच्या दयामरणास संरक्षण आहे काय, हे आवर्जून विचारावे. यात्रेस नेण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या कामातील प्रमुख संस्था आहे.

परदेशातील स्पर्धांचे स्वप्न पाहणाऱ्यांसाठीही एक घडामोड नोंदवण्याजोगी आहे. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतील लष्करी अश्व-पशुवैद्यक केंद्रातील देशातल्या पहिल्या अश्व-रोगमुक्त कक्षास जागतिक पशु आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. त्यामुळे भारतीय क्रीडा-घोड्यांना बाहेर जाण्याचा मार्ग खुला झाला. सर्वसामान्य मालकाला याचा लाभ तूर्त दूरचाच.

ज्यांना यंदाच्या यात्रेतून घोडी आणून पैदास सुरू करायची आहे, त्यांनी खरेदीपूर्वी शाखेत यावे. आधी सौदा आणि मागाहून अर्ज असा क्रम झाला, की प्रस्ताव मांडणे आम्हांलाही जड जाते.