लातूरचे रेल्वे स्थानक

मराठवाड्यातील लातूर हे शहर डाळी व तेलबिया यांच्या व्यापाराकरिता प्रसिद्ध आहे. या शहरात आगगाडी प्रथम आली ती १९११ साली.

बार्शी लाइट रेल्वे या कंपनीने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत लोहमार्ग घातला. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता या कार्याचा प्रवर्तक होता. तोच मार्ग पुढे लातूरपर्यंत वाढविण्यात आला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. अशा अरुंद मार्गास खर्च थोडा येई. म्हणूनच आडवळणाच्या गावांनाही आगगाडी लाभली.

परंतु कुर्डुवाडीवरून मुंबईस जाणाऱ्या मुख्य मार्गाच्या रुळांमधील अंतर साडेपाच फूट होते. एका मार्गाची गाडी दुसऱ्यावर चालणे शक्य नव्हते. मुंबईस निघालेल्या लातूरच्या उतारूस कुर्डुवाडीला उतरावे लागे. बोचकी सावरीत, मुलांचे हात धरीत तो मोठ्या गाडीची वाट पाही. धान्याची पोतीही एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावी लागत. त्यात वेळ जाई आणि हमालीही पडे.

१९५४ साली हा मार्ग सरकारच्या ताब्यात आला. पुढे अनेक वर्षांनी त्याचे रुंदीकरण झाले आणि २००८ साली लातूर ते कुर्डुवाडी हा सर्व मार्ग रुंद झाला. आता रात्री लातुरास गाडीत बसलेला उतारू सकाळी मुंबईस उतरतो. शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी, मोठ्या रुग्णालयात जाणारा रोगी, बाजारपेठेचा व्यापारी, या सर्वांची वाटेतील ही उतरचढ टळली आहे.

या रुंद मार्गाचे खरे मोल २०१६ साली कळून आले. त्या वर्षी दुष्काळाने मांजरा धरण कोरडे पडले. लातूरच्या घरोघरी रिकाम्या घागरींच्या रांगा लागल्या. तेव्हा मिरजेस कृष्णेचे पाणी टाकीच्या डब्यांत भरून ते आगगाडीने लातुरास धाडण्याचे ठरले. हे मोठे डबे राजस्थानातील कोटा येथे स्वच्छ करून आणले होते. सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून १२ एप्रिल रोजी पहाटे पहिली गाडी स्थानकात शिरली. तिच्या दहा डब्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे कित्येक आठवडे अशा गाड्या येत राहिल्या. अडीच फुटांच्या जुन्या मार्गावरून ते अवजड डबे लातूरपर्यंत येऊच शकले नसते.

रूळ घालणारे मजूर, सिग्नल सांभाळणारे कर्मचारी आणि रात्री जागणारे स्टेशनमास्तर यांची नावे उतारूंना ठाऊक नसतात. तथापि, दूरच्या नदीचे पाणी तहानलेल्या नगराच्या दारी आले, ते त्यांच्याच श्रमांमुळे. संकटकाळी उपयोगी पडणारी साधने सुखाच्या काळातच सिद्ध करून ठेवावी लागतात, हेच लातूरच्या या लोहमार्गाने दाखवून दिले.