जावास्क्रिप्ट : मार्गदर्शन आणि क्लिकची नोंद

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत वेबची उभारणी केली, तेव्हा वेबपृष्ठ म्हणजे मजकूर आणि दुवे, एवढेच होते. दुव्यावर क्लिक केले की सर्व्हरकडून नवे पृष्ठ येई. परंतु आलेल्या पृष्ठावर वाचक काय करीत आहे, हे त्या पृष्ठाला उमगत नसे. ही उणीव जावास्क्रिप्टने भरून काढली. या भाषेचा पहिला आराखडा ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या १० दिवसांत तयार केला.

या भाषेचे मर्म ‘घटना’ या संकल्पनेत आहे. क्लिक करणे, कळ दाबणे, पृष्ठ सरकवणे या सर्व घटना होत. ब्राउझर त्या टिपतो आणि त्यांच्याशी जोडलेली आज्ञावली चालवतो. एखाद्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचे उदाहरण घेऊ. विषयांची यादी लांबलचक असेल, तर एका विषयावर क्लिक करताच त्याचे पोटविषय तेथेच उलगडून दाखवता येतात; सबंध पृष्ठ पुन्हा मागवावे लागत नाही. मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. प्रत्येक दुवा मूळ पृष्ठातच त्याच्या पत्त्यासह लिहिलेला असावा. म्हणजे आज्ञावली चालली नाही, तरी वाचकाचे अडत नाही.

याच यंत्रणेने वाचकाच्या वाटचालीची नोंदही ठेवता येते. कोणता दुवा, कोणत्या पृष्ठावरून आणि केव्हा उघडला, हे आज्ञावली सर्व्हरला कळवते. यात एक अडचण येई. दुवा उघडताच जुने पृष्ठ मिटे आणि निरोप वाटेतच खुंटे. त्यावर ‘सेंडबीकन’ हे साधन योजण्यात आले. निरोप ब्राउझरच्या स्वाधीन केला जातो आणि पृष्ठ मिटल्यानंतरही तो पाठवण्याचे काम ब्राउझर करतो.

क्लिक पुष्कळ झाले म्हणजे दुवा उपयुक्त ठरला, असे मात्र नव्हे. वाचक तेथे जाऊन लगेच परत फिरत असतील, तर दुव्याचे नाव त्यांची दिशाभूल करीत असण्याचा संभव असतो. नुसती बेरीज पाहणाऱ्यास हे कळणार नाही.

याहून गंभीर प्रश्न वाचकाच्या खासगीपणाचा आहे. वाटचालीची नोंद व्यक्तीच्या ओळखीशी जोडली की तिच्या आवडीनिवडी, आजार, मते यांचा माग काढता येतो. म्हणूनच युरोपीय संघाने २०१८ पासून व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचे कडक नियम लागू केले आणि भारतीय संसदेनेही २०२३ मध्ये याच हेतूने कायदा संमत केला. संकेतस्थळाची रचना सुधारण्यासाठी कोणता दुवा किती वेळा व कसा वापरला गेला, एवढे समजणे पुरेसे असते. तो कोणी वापरला, हे जाणण्याची सहसा गरज नसते.